हुकलं तरी एक

वसईजवळच्या वटारला राहायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की आमच्या घरमालकांसमोर ‘वाया गेलं’ असं म्हणायचं नाही. दूध नासलं म्हणून मी मागच्या दारी पातेलं घेऊन हळहळत उभी होते. मालक केळीच्या बागेला पाणी सोडून परत येत होते. कमरेला पंचा, पाय अनवाणी, कानावर विझवून ठेवलेली अर्धी विडी. थांबले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, “वाया कसं गेलं, बाई? हुकलं. हुकलं तरी एक.” मग काकूंना हाक मारून त्यांनी साखर पाठवून दिली. त्या संध्याकाळी आम्ही नासक्या दुधाच्या वड्या खाल्ल्या, आणि त्या चांगल्या झाल्या होत्या.

मला वाटलं, ही वसईकडची म्हण असेल. मी साताऱ्याची. नवऱ्याला सातिवलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि मला कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, म्हणून आम्ही इकडे आलो. स्टाफरूममध्ये मी मोठ्या ऐटीत ती म्हण वापरली, तर अस्सल वसईकर मंडळी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कोणीच ती ऐकली नव्हती. शेवटी काकूंनाच विचारलं. काकूंनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, “ती आपल्याकडची नाय हो बाई. ती मेलबर्नची हाय.”

मालकांनी उभ्या जन्मात विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. मुंबईलासुद्धा ते नाइलाजानेच जात. पण मेलबर्नच्या एका उपनगरातल्या फुटबॉल क्लबाबद्दल त्यांना जेवढं माहीत होतं, तेवढं तिथल्या म्युनिसिपालिटीलाही माहीत नसेल. हा फुटबॉल आपला नव्हे. मैदान अंड्यासारखं लांबट, चेंडूही तसाच. पोरं तो हातात घेऊन पळतात, लाथेने उडवतात, एकमेकांच्या खांद्यावर चढून झेलतात. झेलला की झेलणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते. गोलाला जाळं नाही, नुसते चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू गेला तर सहा गुण. आणि तिथून हुकला, पण शेजारच्या ठेंगण्या खांबाच्या आतून गेला, तरी एक गुण.

ह्या शेवटच्या कलमावर मालक फिदा होते. जगातल्या कुठल्या खेळात हुकल्याबद्दल गुण देतात, असं ते मला विचारायचे. मग ते विजयी मुद्रेने विडी पेटवायचे.

त्यांच्या ओटीवरच्या भिंतीला कोळशाने दोन रांगा आखलेल्या होत्या, एक सरळ गेलेल्यांची आणि एक हुकलेल्यांची. दिवाळीला घर रंगवताना काकू तेवढा तुकडा सोडून सगळीकडे चुना लावायच्या, त्यामुळे वर्षावर्षाला तो जास्तच काळा दिसत चालला होता. क्लबातल्या प्रत्येक पोराचा हिशेब त्या भिंतीवर होता. मालकांना इंग्रजी नावं उच्चारायची नव्हती, म्हणून त्यांनी पोरांची बारशी स्वतःच केली होती. लंब्या, बोकड, पाटलाचा, आणि सगळ्यांत लाडका तांबडा. तांबड्या केसांचा हा पोरगा हुकलेल्यांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे होता. मी एकदा म्हटलं, की मालक, हा तर सगळ्यांत वाईट खेळाडू दिसतो. मालकांनी मला समोर बसवलं आणि शांतपणे समजावलं, की बाई, हुकतो कोण? जो मारतो तो. ज्याच्याकडे चेंडूच येत नाही, त्याची रांग कोरी. तांबड्याच्या रांगेवरूनच कळतं, की अडीअडचणीला सगळे चेंडू त्याच्याकडे टाकतात. प्रयोगशाळेत मी आकडेमोडच शिकवत होते, पण आकड्यांकडे असं मायेने बघायचं मला सुचलं नव्हतं.

हे वेड घरात शिरलं कसं, ते काकूंनी मला तांदूळ निवडताना सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी कुंदा नर्स होती. तिने स्वतःच लग्न ठरवलं आणि नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला जायला निघाली. मालकांनी आकांडतांडव केलं नाही. ते केळीला मातीची भर घालत होते, तिथूनच मान वर न करता म्हणाले, “जा. पन तुझ्या दारात मी पाय ठेवनार नाय.” त्यानंतर किती तरी महिने ते फोनवर आले नाहीत. मग कुंदाने आपल्या नव्या घराची चित्रफीत काढून कॅसेट पाठवली. स्वयंपाकघर, मागचं अंगण, दोरीवर वाळत घातलेली साडी. मालक टीव्हीकडे पाठ करून सुपारी कातरत बसले. पण कुंदाने आधी वापरलेल्या कॅसेटवरच घर टिपलं होतं. घर संपलं आणि मागचा अर्धामुर्धा फुटबॉलचा सामना सुरू झाला. आरडाओरडा ऐकून मालकांनी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, तो खेळ परत लाव. आता खेळ लावायचा तर कॅसेट सुरुवातीपासून लावावी लागे, आणि सुरुवातीला कुंदाचं घर होतं. काकू म्हणाल्या, “पुढे पळवायचं बटन हाय, ते त्यांना कधी सापडलंच नाय.” असं म्हणून त्या सुपातल्या तांदळाकडे बघत हसल्या. मालकांनी तो अर्धा सामना इतक्या वेळा पाहिला, की नियम त्यांना आपोआप पाठ झाले.

मग कुंदा त्या क्लबाचे सामने टीव्हीवरून उतरवून पाठवायला लागली. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर कॅसेटी यायच्या, कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. म्हणजे मालक नेहमी गेलेल्या ऋतूत जगत असत. आणि त्यांची एक सक्त अट होती, की कॅसेट बघेपर्यंत निकाल कोणी सांगायचा नाही. एकदा ईस्टरला आलेल्या कोणा पाहुण्याने भर रस्त्यात तोंड उघडलं, तर मालक कानात बोटं घालून केळीच्या बागेत शिरले ते दिवस मावळेपर्यंत बाहेर आले नाहीत. तेव्हापासून मेलबर्नहून गावात कोणी उतरलं, की काकू त्याला आधी आपल्या ओटीवर बोलवायच्या, सरबत द्यायच्या आणि गप्प राहायचं वचन घ्यायच्या. चर्चबाहेर, मिठागराच्या वाटेवर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे हा नियम पाळला जाई. गावात एरवी एक गोष्ट पोटात राहत नसे, पण ही राहायची.

सगळ्यांत कसोटी कुंदाची. रविवारी तिचा फोन यायचा. मालक आता फोनवर यायला लागले होते, पण फक्त खेळाबद्दल बोलत. लंब्याचा गुडघा बरा आहे का, असं ते विचारायचे. लंब्याचा तो गुडघा कधीच बरा होऊन दुसरा दुखावलेला असायचा. पण बाबा कुठल्या सामन्यापर्यंत पोहोचलेत हे आठवून ती तेवढंच बोलायची. मेलबर्नमध्ये राहून ती मुलगी आठवड्यातली काही मिनिटं वटारच्या काळात जगत होती. मला ते ऐकताना गलबलून यायचं. ‘कशी आहेस’ हे त्या घरात असं विचारत.

मग कुंदाला मुलगा झाला. काकूंनी दुपटं शिवलं. कुंदा दर रविवारी म्हणायची, या. काकू एकट्या जायला तयार नव्हत्या, आणि मालकांचा शब्द तर आडवा पडलेला. एका रविवारी मालक फोनवर म्हणाले, “क्लब कप जिंकल त्या वर्सी येतो.” काकूंनी रागाने फोन ठेवून दिला. क्लब कायम तळाला असायचा. ह्यापेक्षा समुद्र आटला की येतो म्हणायचं, असं त्या मला म्हणाल्या. मलाही तेव्हा ती पळवाटच वाटली. आता कळतं, की स्वतःच्या शपथेला बाहेरून कोणीतरी भोक पाडावं, म्हणून ते वाट बघत होते. ताठ माणसाला वाकायलाही निमित्त लागतं.

आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एका वर्षी क्लब जिंकायलाच लागला. कॅसेटीमागून कॅसेटी आल्या, तांबड्याची रांग भिंतीवरून दाराच्या चौकटीपर्यंत गेली. नाताळाच्या आधी कुंदाचा निरोप आला, की शेजारच्या घरातला विल्सन सुट्टीवर येतोय आणि त्याच्याबरोबर अंतिम सामन्याची कॅसेट आहे. वटारच्या आमच्या शेजाऱ्यांचा हा मुलगा मेलबर्नलाच नोकरीला होता. तो उतरला त्या दिवशी काकूंनी त्याच्या आईच्याही आधी त्याला गाठलं.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मा गाव मालकांच्या ओटीवर होता. विल्सनच्या आईने केकचं ताट आणलं होतं. काकूंनी देवापुढे दिवा लावला आणि दुपटं मांडीवर घेऊन बसल्या. नातू एव्हाना चालायला लागला होता, दुपटं त्याला केव्हाच अपुरं झालं होतं, पण त्यांनी ते जपून ठेवलं होतं. सामना जिंकला तर त्या जाणार होत्या, नाहीतर नाही. ओटीवरच्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

असा सामना मी पुन्हा पाहिला नाही. पाटलाच्याने मधल्या खांबांतून एक घातला, लोक उठून नाचले. समोरच्यांनी दोन घातले, लोक बसले. मालक मात्र हलत नव्हते. कोळसा हातात तसाच धरलेला. शेवटच्या डावात आपली पोरं मागून येत येत बरोबरीला पोहोचली. दोन्हीकडे सारखे गुण, आणि खेळ संपायला जेमतेम मिनिट. आणि लंब्याने लांबून मारलेला चेंडू गर्दीतून उंच उडी घेऊन झेलला कोणी, तर तांबड्याने. डाव्या बाजूला, सीमारेषेजवळ, अवघड कोनात. तांबड्याने मोजे वर ओढले. चार पावलं मागे गेला. आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

कॅसेट संपली होती. कुंदाने सामन्याआधीचं बँड आणि भाषणंसुद्धा हौसेने उतरवली होती, त्यात फीत पुरली नाही.

मग सगळ्यांच्या माना एकदम विल्सनकडे वळल्या. त्याच्या तोंडात केक होता आणि तो तसाच राहिला होता. मी त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळायचं ते कळलं. काकूंनीही पाहिला असावा, कारण त्यांनी दुपट्याची घडी घालायला घेतली. फक्त मालक विल्सनकडे बघत नव्हते. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. तसेच पाठमोरे म्हणाले, “कोनी बोलायचं नाय.”

मग वळले आणि मला म्हणाले, “बाई, तुमचा कालेजातला पांढरा कोट आना.”

त्या खेळात गोलाच्या खांबांमागे पांढरा डगला घातलेला पंच असतो. सहा गुण झाले तर तो दोन झेंडे हलवतो, एक झाला तर एक. मालकांचं म्हणणं सरळ होतं. चेंडू तांबड्याच्या हातात आहे, किक अजून मारायची आहे. तिथे कॅसेट संपली, तर किक इथे मारू.

कोणी हसेल असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. भात कापून झालेलं मालकांचं शेत घरामागेच होतं. पोरांनी बागेतून बांबू तोडले, दोन उंच, दोन ठेंगणे. केळीची ओळ आखायच्या दोरीने अंतरं धरली. मालकांनी आपला धुतलेला पंचा फाडून दोन झेंडे केले. कुंदाने पूर्वी पाठवलेला लांबट चेंडू ओटीवर शिंक्यात टांगलेला असायचा, तो खाली उतरवला. आणि मग तांबडा नेमका कुठे उभा होता, ह्यावर असं भांडण जुंपलं, की मतमोजणी परवडली. कॅसेट मागे नेऊन पुन्हा पाहिली. दोरी पुन्हा ताणली. काकू पदर खोचून शेतात आल्या आणि म्हणाल्या, की अवो, थोडं पुढे सरका, कोन बघतंय. तेव्हा मालक म्हणाले, “इथून मारला तर तो माझा गोल. तिथून मारला तर त्याचा.” आणि अवघड जागीच जाऊन उभे राहिले.

मारणार कोण, हे कोणी विचारलंच नाही. साठी उलटलेला माणूस, अनवाणी, पायाखाली धसकटं, समुद्राकडून वारा. मी कोट घालून बांबूंमागे उभी होते. चेंडू कमी पडला किंवा ठेंगण्या बांबूच्या बाहेर गेला, तर मला हात खाली ठेवावे लागणार होते. आणि मालकांना खोटा झेंडा चालला नसता, हे मी पक्कं ओळखून होते. ज्या माणसाने एक पाऊल पुढे सरकायला नकार दिला, तो माझ्याकडून दयेचा एक गुण घेणार नव्हता.

मालकांनी नसलेले मोजे वर ओढले. चार पावलं मागे गेले. पळत आले आणि मारली.

चेंडू उडाला तो चांगला उडाला. सरळ मधल्या बांबूंकडे येत होता. मग वाऱ्याने त्याला खांदा मारला आणि तो कलायला लागला. उंच बांबूच्या बाहेरून गेला. मी ठेंगण्या बांबूकडे धावले. चेंडू खाली येत येत त्या बांबूच्या बोटभर आतून, त्याला न शिवता गेला आणि माझ्या पायांशी येऊन पडला. आतून. मी स्वतः पाहिलं, अगदी आतून.

शेतातले सगळे माझ्याकडे बघत होते. काकूंनी डोळे मिटले होते. मालकांनी लांबून विचारलं, “किती?”

मी एक बोट वर केलं. मग एक झेंडा उचलला आणि जीव खाऊन हलवला. “एक.”

“हुकलं?”

“हुकलं, मालक.”

मालक मटकन खाली धसकटात बसले आणि हसायला लागले. गाव त्यांच्यावर तुटून पडलं. विल्सनचा काका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, तो घरी धावत जाऊन ट्रम्पेट घेऊन आला. दिवाळीची उरलेली माळ कोणीतरी लावली. विल्सन, ज्याला खरं काय ते माहीत होतं, तो सगळ्यांत जास्त ओरडत होता आणि त्याचे डोळे भरलेले होते. मालकांना खांद्यावर घेतलं, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं, की कप नाही. काकू न्हाणीघरात गेल्या आणि आंघोळीचं पितळी घंगाळ घेऊन आल्या. दोन बाजूंना दोन कड्या, मधे फुगीर पोट. मालकांनी ते दोन्ही कड्यांना धरून डोक्यावर उचललं, आणि आतलं उरलेलं पाणी त्यांच्या अंगावर सांडलं. मी आयुष्यात पदव्या घेतल्या, बक्षिसं घेतली. इतकं जिंकल्यासारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

त्या रविवारी फोनवर मालक एवढंच बोलले, “कुंदे, एका गुनाने जिंकलो. येतो.” मग ती म्हणाली, या बाबा.

ते गेले. पुढचं मला कुंदाने इकडे आली तेव्हा सांगितलं. नातवाला खांद्यावर घेऊन मालक क्लबाच्या मैदानावर जायचे. एकदा आपल्या पोराची किक हुकली, पंचाने एकच झेंडा हलवला आणि सगळं मैदान हळहळलं, तेव्हा एकटे मालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग त्यांनी हट्ट धरला, की क्लब आतून बघायचा. कुंदाने आधी टाळायला पाहिलं. आत जिंकलेल्या कपांचं काचेचं कपाट होतं, आणि त्यात त्या वर्षीचा कप नव्हता. त्या दिवशी खऱ्या तांबड्याचा चेंडू बाहेरच्या खांबाच्याही बाहेर गेला होता, आणि लगेच समोरच्यांनी धावत जाऊन गोल केला होता.

मालकांनी कपाट नीट पाहिलं. एकेक कप. तेवढ्यात कुंदाने पाहिलं, की पलीकडे एक माणूस पोरांना चेंडू वाटतोय, आणि त्याचे केस तांबडे आहेत. त्या किकनंतर त्याने खेळणं सोडलं होतं. पोरांना शिकवायचा, पण त्या दिवसाबद्दल त्याच्यासमोर कोणी बोलायचं नाही, असा तिथल्या लोकांचा अलिखित नियम होता. मालक सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कुंदाला म्हणाले, “ह्याला सांग, त्याची ती किक राहिली होती. ती मी मारली. हुकली, पन एक मिळाला. आपन जिंकलो.”

कुंदाने सगळं सांगितलं. कॅसेट, बांबू, कोट, घंगाळ. तो उंच माणूस ऐकत राहिला, मग बाकावर बसला आणि तोंड हातांत लपवून रडला. नंतर त्याने विचारलं, की घंगाळ म्हणजे कसं असतं.

पुढच्या नाताळाला सुट्टी संपवून विल्सन परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानात दुपट्यात गुंडाळलेलं घंगाळ होतं. वटारला मालक आणि काकू प्लास्टिकच्या बादलीतून आंघोळ करायला लागले. काही महिन्यांनी कुंदाने फोटो पाठवला. काचेच्या कपाटात, चांदीच्या कपांच्या बरोबर मधे, दोन कड्यांचं आमचं घंगाळ, आणि शेजारी कपाटाला टेकून उभा असलेला तांबडा, हसणारा.

मालकांनी तो फोटो कोळशाच्या दोन रांगांच्या मधे खिळ्याला लावला. काकूंनी चष्मा चढवून तो जवळून पाहिला, मग जरा लांबून पाहिला. त्यांचं समाधान झालं नाही.

“काळं पडलंय,” त्या म्हणाल्या. “कुंदीला सांगा, चिंच लावून घासा म्हनावं.”